हुंकार कोण देतंय?

आजी गोष्ट सांगायला बसली की आधी बजावायची, ‘हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.’ रायपूरला तात्यापाऱ्यात आमचं घर. उन्हाळ्यात सगळी पोरं गच्चीवर झोपायची. आजी बोलत असायची, आम्ही ‘हं’ म्हणायचो आणि एकेकाचं ‘हं’ झोपेत विरून जायचं. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी भयकथेची एक श्रवणमालिका करायला घेतली, तेव्हा पहिला भाग याच गच्चीवर घडवला. नात झोपलेली आहे, हे तिच्या संथ श्वासावरून कळतं. आजीला ते अंधारात दिसत नाही, म्हणून ती सांगत राहते. आणि हुंकार येत राहतो.

या भागात किंकाळी नाही, करकरणारं दारही नाही. तरी हेडफोन लावून ऐकणाऱ्या पहिल्या मैत्रिणीने मध्येच उठून दिवा लावला.

हुंकाराची ही ताकद छत्तीसगडी माणसाला शिकवावी लागत नाही. महाभारतातल्या कथा गाऊन सांगणाऱ्या पंडवानीत मुख्य गायकाच्या साथीला ‘रागी’ असतो. तो ‘हौ’ म्हणतो, मध्येच प्रश्न विचारतो, अचंबा करतो. श्रोत्यांच्या मनातलं आधी त्याच्या तोंडून येतं. भिलाईजवळच्या गनियारीच्या पंडवानी गायिका तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण मिळाला. त्यांच्या हातातला तंबुरा घटकेत भीमाची गदा व्हायचा, घटकेत अर्जुनाचा रथ. पण त्या गदेला वजन यायचं रागीच्या हुंकारामुळे. एक सांगणारा, एक हुंकार देणारा आणि बाकी सगळं ऐकणाऱ्याच्या डोक्यात: श्रवणनाट्याला याहून जास्त काही लागत नाही.

मराठीत याला ‘श्रुतिका’ हा सुंदर शब्द आहे, तो पुन्हा वापरात यावा असं मला मनापासून वाटतं. रायपूरचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झालं. त्यावरच्या ‘चौपाल’ कार्यक्रमातले बरसाती भैया गावोगावच्या घरांत आपले झाले. आमच्यासारख्या मराठी घरांत मात्र रात्री सुई नागपूरकडे सरकायची. तिथलं केंद्र १९४८ पासूनचं. मीडियम वेव्हवर श्रुतिका यायची ती खरखरीतून, आवाज मोठा व्हायचा, बुडायचा, परत वर यायचा. ती खरखर मी मालिकेत मुद्दाम वापरली आहे. याच रायपुरात १९२३ साली जन्मलेले रंगकर्मी हबीब तनवीर १९४५ मध्ये मुंबईला गेले ते आधी नभोवाणीत रमले, हेही इथल्या नाटकवेड्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

काळोख आणि नभोनाट्य यांचं नातं तर पहिल्यापासूनचं. बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी रिचर्ड ह्यूजचं ‘डेंजर’ सादर केलं. खास रेडिओसाठी लिहिलेलं ते पहिलं नाटक मानलं जातं. कोळशाच्या खाणीत दिवे गेले आहेत आणि माणसं अडकली आहेत, एवढंच त्याचं कथाबीज. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही! कोरब्याच्या खाणी ज्यांच्या राज्यात आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको. पुढे १९३४ मध्ये शिकागोहून विलिस कूपरची ‘लाइट्स आउट’ ही मालिका मध्यरात्री सुरू झाली. तिथे हाडं मोडल्याच्या आवाजासाठी मांसाच्या बरगड्या मोडत आणि डोकं उडवल्याच्या आवाजासाठी कोबी चिरत. आम्ही बरगड्यांऐवजी भेंडी मोडून पाहिली; ओला बांबू जास्त बरा वाजतो.

मालिका करायची तर सर्वांत आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: हा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत आला कसा? ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ या ब्रिटिश पॉडकास्टने २०१६ ते २०२१ या काळात २०० भाग केले. त्यात दफ्तरातला एक माणूस लोकांचे जबाब टेपवर वाचतो. टेप का चालू आहे, हेच हळूहळू रहस्य बनतं. आमच्याकडे नातीने आजीच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आहेत. तिला झोप लागते, रेकॉर्डिंग चालूच राहतं. म्हणून आजीला जे कळत नाही, ते आपल्याला कळतं.

बाकीचं काम हमालीचं. वीस मिनिटांच्या भागाला साधारण अडीच हजार शब्द लिहिले, पण शांतता जास्त ठेवायची तर त्यातले पाचशे कापावे लागले. रायपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून, खिडक्यांवर गोधड्या टांगून रात्री दोननंतर रेकॉर्डिंग. हावडा–मुंबई मार्गावरच्या मालगाड्या त्या वेळीही थांबत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोन गाड्यांच्या मधल्या फटीत बसवायचं. खोलीत कुणीही न बोलता रिकामेपणाचा आवाज निदान मिनिटभर वेगळा घ्यावाच लागतो. संवादांच्या मधे तो भरला नाही, तर शांततेला भोक पडल्यासारखं वाटतं. आणखी एक: धीरगंभीर खर्जावर भीती बेतू नये. मोबाइलचा छोटा स्पीकर खालचे सूर जवळजवळ गिळून टाकतो. भीती ठेवायची ती श्वासात, कपड्याच्या सळसळीत, घोट गिळण्यात.

भाग कुठे तोडायचा यावर आमची भांडणं व्हायची. मी आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’चं उदाहरण द्यायचो. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांना भेटायला लोक रेडिओजवळ बसायचे ते माणसांच्या ओढीने. भुतापेक्षा आजीचं काय होणार ही काळजी आधी वाटली पाहिजे.

पण सगळ्यांत कठीण प्रश्न ध्वनीचा नव्हताच. हुंकार देतंय कोण? पहिल्या खर्ड्यात उत्तर सोपं होतं: शेजारची म्हातारी, टोनही, म्हणजे चेटकीण. हरेलीच्या अमावास्येला दारोदार कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात, तेव्हापासून हा शब्द इथल्या पोरांच्या कानावर असतो. या एका शब्दावरून छत्तीसगडात बायकांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. २००५ साली राज्याला टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. एखादीला नुसतं टोनही ठरवणं हाही त्यात गुन्हा आहे. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र वर्षानुवर्षं गावोगाव फिरून कोणतीही बाई टोनही नसते हे सांगत आहेत. आणि आम्ही तीच म्हातारी कानाकानांत सोडणार होतो. काळोखात एकट्याने ऐकलेली गोष्ट मनात खोल रुतते, हे माहीत असूनही. तीन भाग फाडले, पुन्हा लिहिले.

आता सातव्या भागात कळतं, की आजीच्या तरुणपणी गावाने एका बाईला टोनही ठरवलं होतं. बैठकीत कुणीतरी विचारलं, ‘हीच ना?’ एका माणसाला ती निर्दोष असल्याचं पक्कं ठाऊक होतं. तो फक्त ‘हं’ म्हणाला. मेल्यावरही त्याच्या वाट्याला तेवढंच उरलं आहे. जिथे कुठे गोष्ट चालू असेल, तिथे तो हुंकार देत बसतो.

त्या भूमिकेसाठी इथल्या एका जुन्या नटांना बोलावलं. सगळ्या मालिकेत त्यांना एकच अक्षर. त्यांनी ते रात्रभर घोळवलं: खोल, घोगरं, कुजबुजतं. कुठलंच लागेना. पहाटे चारला ते दमून भिंतीला टेकले. मी विचारलं, ‘काका, आज पुरे करू या का?’ त्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. माइक चालू होता. तेच ‘हं’ आम्ही ठेवलं.