मुद्दाम सदोष

चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पाळीच्या सुरुवातीला एक नापास नग मुद्दाम लाइनवर सोडतात. त्याला 'रेड रॅबिट' म्हणतात. चूक रोखणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे पोका-योकेने, तो अडवला तरच उत्पादन सुरू होतं. निसटला तर लाइन थांबते. गुणवत्ता विभागात हे रोज बघत आल्यामुळे, मोबाइल अ‍ॅपची सुरक्षा शिकताना मुद्दाम सदोष बनवलेलं अ‍ॅप हाती आलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं.

त्याचं नाव डिव्हा, म्हणजे 'डॅम इन्सिक्युअर अँड व्हल्नरेबल अ‍ॅप'. पुण्यातल्या पायाटू कंपनीचे असीम जाखर यांनी ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी मोफत खुलं ठेवलं. आत 13 धडे आहेत. सुट्टीच्या दिवशी निगडीतल्या घरी लॅपटॉपवर अँड्रॉइडचा इम्युलेटर चालू करायचा, त्यात डिव्हाची एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, टाकायची आणि बसायचं.

पहिल्या धड्यात अ‍ॅप क्रेडिट कार्डचा नंबर मागतं. मनाने सोळा आकडे भरले की 'चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश येतो. शेजारच्या खिडकीत लॉगकॅट चालू असतं, त्यात फोनच्या सगळ्या नोंदी सरकत असतात. त्यातल्या एका ओळीत तोच नंबर, जसाच्या तसा. बिघाड शोधणं सोपं जावं म्हणून प्रोग्रामर अशी ओळ लिहितो आणि ती काढायची राहून जाते. अँड्रॉइड 4.1 पासून इतर अ‍ॅपना या नोंदी वाचता येत नाहीत. पण केबलने जोडलेल्या फोनमधून किंवा ग्राहकाने पाठवलेल्या बग रिपोर्टमधून ती ओळ बाहेर जाऊ शकते.

साठवणुकीचे चार धडे पाठोपाठ येतात. पासवर्ड कधी एक्सएमएल फाइलमध्ये, कधी एसक्यूलाइटच्या तक्त्यात, कधी तात्पुरत्या फाइलमध्ये सापडतो. चौथ्यात तो मेमरी कार्डवर असतो, आणि तो लपवायला केलेला उपाय म्हणजे फाइलच्या नावाआधीचं एक टिंब! त्या टिंबापाशी मी बराच वेळ थांबलो. माहिती जपायला हवी हे लिहिणाऱ्याला कळलेलं आहे, फक्त ती नजरेआड केली की सुरक्षित झाली असं त्याने धरलंय. गुप्त किल्लीच्या दोन धड्यांतही तेच. आधी किल्ली जावाच्या कोडमध्ये असते, एपीकेतला कोड वाचता येईल असा करून दाखवणाऱ्या जेडॅक्समध्ये ती फाइल उघडली की समोर येते. पुढे ती सी भाषेतल्या लायब्ररीत हलवलेली असते. तिथूनही काढायला फार वेळ लागत नाही. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षा संस्थेच्या मोबाइल धोक्यांच्या 2024 च्या यादीत पासवर्ड-किल्ल्यांच्या अशा हाताळणीला पहिला क्रमांक आहे.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते सातव्या धड्याने. वापरकर्त्याचं नाव टाकून माहिती शोधायची. मी नावाऐवजी एकच एकेरी अवतरणचिन्ह टाकलं आणि लॉगकॅटमध्ये एसक्यूएलची चूक उमटली. म्हणजे माझा मजकूर थेट आज्ञेचा भाग होत होता. मग 'किंवा एक बरोबर एक' अशी नेहमी खरी ठरणारी अट जोडली. तिन्ही वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि कार्ड नंबर एकदम पडद्यावर आले. एसक्यूएल इंजेक्शनची व्याख्या मला आधी पाठ होती. आज्ञा आणि माहिती वेगळी ठेवायची म्हणजे काय, हे मात्र तेव्हा कळलं.

डिव्हा दोष दाखवतं, दुरुस्ती आपली आपण करायची. शिकणारे बरेचदा तेराही धडे फोडून पुढे जातात, आणि मला ते अर्धवट वाटतं. कोड खुला आहे. मी शोधाच्या आज्ञेत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं, नाव वेगळं पाठवलं, अ‍ॅप पुन्हा बांधलं आणि तीच अट पुन्हा टाकली. या वेळी एकही वापरकर्ता सापडला नाही.

हे सगळं स्वतःच्या यंत्रावर. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने असं काही केलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखानदारांना माझं सांगणं आहे: गेटपासचं किंवा डिलिव्हरी चलनाचं अ‍ॅप बनवून घेताना चाचणीची लेखी परवानगी करारातच घ्या. आणि पैसे चुकते करण्याआधी त्याची एपीके एकदा जेडॅक्समध्ये उघडून घ्या.