काचपेटीतील समुद्राचा जमाखर्च

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा पोवळी आणि शेवाळ यांविषयी मी लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी जर्मनीत पुतण्याकडे महिनाभर राहिलो आणि त्याच्या दिवाणखान्यातील काचपेटीपुढे बसून माझ्याच विषयाचा एक धडा नव्याने शिकलो. दोनशे लिटर खाऱ्या पाण्यात त्याने प्रवाळांची लहानशी बाग उभी केली होती. मी पोहोचलो तेव्हा ती बाग हिरव्या, केसाळ शेवाळाखाली गुदमरत होती. पुतण्या रोज संध्याकाळी दात घासायच्या ब्रशाने खडक घासत बसे. चार दिवसांत शेवाळ पुन्हा हजर!

घासून ते जात का नाही? कारण ते नुसते लक्षण आहे. मूळ आहे वहीत साचलेली शिल्लक. पाहा, माशांना आपण खाऊ घालतो. त्यांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो. तो माशांना विषच. खडकाच्या छिद्रांत राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटात रूपांतर करतात. हे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून नवी पेटी तेवढे दिवस माशांवाचून ठेवावी. पण नायट्रेट जाणार कुठे? ते आणि अन्नातले फॉस्फेट साचत राहते. रोज जमा, खर्च मात्र क्वचित. हे धन कोणीतरी वापरणारच. ते शेवाळ वापरते.

तेव्हा ब्रश खाली ठेवावा आणि वही उघडावी. जमेची बाजू आधी कमी करायची. दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच अन्न टाकावे. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात फॉस्फेट, नायट्रेट, सिलिका येऊ शकतात. क्षार काढून टाकलेले पाणीच घ्यावे. मग खर्च वाढवायचा. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे. बारीक बुडबुड्यांच्या फेसाला चिकटणारी घाण बाहेर काढणारे यंत्र लावावे. शेजारच्या छोट्या पेटीत मुद्दाम शेवाळ वाढवून ते वेळोवेळी कापून फेकावे. काट्याने काटा काढतात, तसेच हे.

तुम्ही म्हणाल, मग शिल्लक एकदम शून्यावरच का आणू नये? माझ्या पुतण्याने तेच केले. फॉस्फेट शोषणारी पूड त्याने उतावळेपणाने दुप्पट टाकली. केसाळ शेवाळ ओसरले खरे, पण आठवड्याभरात पोवळीही फिकट पडू लागली आणि वाळूवर तपकिरी, चिकट तारा धरल्या. "काका, सगळं स्वच्छ केलं, तरी ही मरताहेत कशी?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. उत्तर पोवळ्याच्या शरीरातच आहे. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे पोवळ्याला देते. बाहेरच्या शेवाळाची उपासमार केली की हा घरचा अन्नदाताही उपाशी राहतो. म्हणून लिटरमागे नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम राहू द्यावे. आणि बदल करायचा तो हळूहळू.

दुसरे खाते चुन्याचे. पोवळ्याचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम. त्याच्या जोडीला हवी अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटांचा साठा. ती सात-आठ जर्मन अंश असावी. आता गंमत पाहा. पोवळ्यांनी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम उचलले, तर चारशेवीसांतले वीस कोणाच्या ध्यानात येणार? पण त्याच वेळी आठ अंशांतले २.८ अंश संपलेले असतात! म्हणून अल्कता दर आठवड्याला मोजावी. तूट तिथे आधी दिसते.

ही तूट भरायला आपल्या ओळखीचीच वस्तू चालते: चुन्याची निवळी. जर्मन भाषेतही तिला 'चुन्याचे पाणी' अशाच अर्थाचा शब्द आहे. ती कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही योग्य प्रमाणात देते. मात्र पानाचा चुना नको. शुद्ध चुनाच हवा. निवळी दाहक असते, म्हणून ती रात्री थेंबाथेंबाने सोडावी. पेटीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. त्यामुळे ती तूट खाऱ्या पाण्याने कधीच भरू नये. गोड पाण्यात केलेली ही निवळी तेथे दुहेरी उपयोगी पडते.

आपल्याकडे हा छंद करू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण पोवळी आहेत. मालवणच्या समुद्रातून एक तुकडा उचलणे हाही गुन्हा ठरतो. तिथली पोवळी तिथेच पाहावीत.

पुतण्याची तीन पोवळी गेली. बाकीच्यांना सहा महिन्यांनी रंग आला. आता तो ब्रशाआधी वही हातात घेतो.