हिमयुगात डायनासोर? प्रेक्षकांना चाललं, पण कुठपर्यंत?

डायनासोर संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी. शेवटचे मॅमथ गेले जेमतेम 4 हजार वर्षांपूर्वी. तरीही 2009 मध्ये आलेल्या ‘आइस एज : डॉन ऑफ द डायनासॉर्स’ या तिसऱ्या भागात दोघे आमनेसामने येतात, कारण म्हणे बर्फाखाली एक जग दडलेलं होतं!

विज्ञानाच्या पेपरात शून्य मार्क. ‘रॉटन टोमॅटोज’वर निम्म्याहून जास्त समीक्षकांनीही नाक मुरडलं. प्रेक्षकांनी मात्र थिएटर भरलं. जगभरात सुमारे 88 कोटी डॉलरची कमाई झाली, त्यातली अमेरिका-कॅनडातली 20 कोटींच्याही आत. बाकी जगाला हा सिनेमा इतका का भावला? एक कारण उघड आहे : ओकच्या फळामागे (एकॉर्न) धावणाऱ्या स्क्रॅटला संवादच नाहीत, त्यामुळे त्याचे विनोद डबिंगशिवाय कळतात. शिवाय बाप होणार म्हणून धास्तावलेला मॅनी मोठ्यांनाही आपलासा वाटतो. सायमन पेगचा आवाज लाभलेला एकडोळ्या बक तर कथा न आवडलेल्यांकडूनही दाद घेऊन गेला.

पण तिकीट मत बनण्याआधीच काढलं जातं. कंटाळा आलाय की नाही, हे पुढच्या भागांत दिसतं. चौथा भाग चालला. 2016 च्या पाचव्या भागात स्क्रॅट थेट अंतराळात गेला, तेव्हा अमेरिका-कॅनडातली कमाई साडेसहा कोटी डॉलरच्याही आत अडकली.