विश्लेषण : गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बायोप्सीनंतर एमआरआय कशासाठी?

बायोप्सीचा अहवाल येतो, गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे कळते. त्यानंतर डॉक्टर एमआरआय सांगतात, तेव्हा घरच्यांना प्रश्न पडतो : निदान झाले, मग आणखी एक महागडी तपासणी का?

बायोप्सी पुरेशी का नाही?
कर्करोग आहे की नाही, हे बायोप्सी सांगते. तो किती पसरला, हे सांगत नाही. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीत पूर्वी टप्पा (स्टेज) मुख्यतः हाताने तपासून ठरत असे. २०१८ पासून त्यासाठी एमआरआयसारख्या चाचण्यांचा आधार घेता येतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि ओटीपोटातील मऊ भाग सीटी स्कॅनपेक्षा स्पष्ट दिसतात.

त्यात काय पाहतात?
आधी गाठीचा आकार : २ सेंमीपेक्षा लहान, २ ते ४ सेंमी की त्याहून मोठी. मग गर्भाशयमुखाची कड. एमआरआयमध्ये निरोगी भागाचे गडद कडे दिसते, गाठ करडी दिसते. कडे अखंड असेल तर आजार बाजूच्या ऊतींत गेला नसण्याची शक्यता खूप जास्त. कडे भेदून तो तिथे पोहोचला असेल तर टप्पा किमान ‘२ बी’. मूत्राशय, गुदाशय आणि लसिका ग्रंथीही तपासतात.

उपचार कसे बदलतात?
गाठ लहान आणि गर्भाशयमुखापुरती असेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. ती मोठी किंवा बाहेर पसरलेली असेल तर साधारणपणे रेडिएशन आणि सोबत केमोथेरपी. अंदाज चुकला तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनही घ्यावे लागते आणि दोन्हींचे दुष्परिणाम रुग्णाच्या वाट्याला येतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ‘१ बी २’ ते ‘२ बी’ टप्प्यांतील (जुन्या वर्गवारीनुसार) महिलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केमो-रेडिएशन घेतलेल्यांपैकी ७६.७ टक्के महिला पाच वर्षे आजारमुक्त राहिल्या. आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ६९.३ टक्के होते.

मर्यादा काय?
नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात. त्यामुळे काही रुग्णांना पेट-सीटीही सांगतात. बायोप्सीनंतरची सूज गाठीसारखी भासू शकते, म्हणून बायोप्सीची तारीख सांगा. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगा.

लक्षणे नसताना एमआरआय करावा का?
नाही. कर्करोग होण्याआधीचे बदल ओळखण्यासाठी एचपीव्ही किंवा पॅप चाचणी आहे. मात्र निदान झाले असेल, तर उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा : ‘टप्पा कोणता आणि तो कशावरून ठरवला?’