मतदाराचा पश्चात्ताप

आजचा प्रश्न साधा आहे, पण घराघरात अडकून बसलेला आहे. एखाद्या नेत्याला आपण मत दिलं. एकदा दिलं, दोनदा दिलं. पुढे काही वर्षांनी वाटू लागलं की हे मत द्यायला नको होतं. तर या वाटण्याचं करायचं काय? ते गिळून टाकायचं, की बोलून दाखवायचं? आणि मुळात यात आपला दोष किती?

आजच्या नेत्यांची नावं घेतली की सभागृहाचे दोन तट पडतात आणि विचार बाजूलाच राहतो. म्हणून आपण जरा जुनं उदाहरण घेऊ. मार्च 1971 च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला मत देणारा मतदार आपल्यासमोर उभा करू. कायद्याने ते मत आपापल्या मतदारसंघातल्या उमेदवारालाच होतं, पण निवडणूक लढली गेली ती एका व्यक्तीभोवती आणि ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर. पक्षाला 352 जागा मिळाल्या.

आधी शब्द नीट लावून घेऊ. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. दुसऱ्या गावात पूर आला तर आपण हळहळतो. त्यात आपला हात नसतो. गाडी थोडक्यात चुकली की चुटपुट लागते. खंत पुष्कळ दिवस राहते, पण तिच्यात आपला दोष असेलच असं नाही. पश्चात्ताप मात्र वेगळा. त्यात तीन गोष्टी लागतात: कृती माझी होती, ती चुकली, आणि पुन्हा तसं करणार नाही. आपल्या धर्मशास्त्रानेही हे ओळखलं होतं. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा विस्ताराने विचार केला आहे. त्या परंपरेत नुसता अनुताप पुरत नाही. कबुली आणि पुन्हा न करण्याचा निश्चयही लागतो.

आता गंमत बघा. मतदार म्हणतो, ‘फार पश्चात्ताप होतो हो’, तेव्हा बहुतेक वेळा ती हळहळ असते. ‘देशाचं वाटोळं केलं त्यांनी’ या वाक्यात ‘त्यांनी’ आहे, ‘मी’ कुठेच नाही.

मग ‘मी’ कुठे येतो? 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द ठरवली. 25 जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, लाखाहून अधिक माणसं तुरुंगात गेली. आता 1971 च्या त्या मतदाराला विचारू: बाबा रे, हे तुला तेव्हा माहीत होतं का? माहीत असणं शक्यच नव्हतं.

इथे अॅरिस्टॉटल कामाला येतो. नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो अज्ञानाने घडलेल्या कृतीबद्दल बोलतो. तो म्हणतो की असं कृत्य घडल्यावर ज्याला दुःख होतं, पस्तावा होतो, त्याच्याबद्दलच आपण म्हणू शकतो की ते त्याच्या इच्छेविरुद्ध घडलं. ज्याला परिणाम कळल्यावरही काहीच वाटत नाही, त्याला ती सवलत नाही. म्हणजे, ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब नंतरच्या वागण्यातून खरी ठरते. आणि तो पुढे असंही म्हणतो की जे जाणून घेणं आपल्या हातात होतं, त्याचं अज्ञान हा आपलाच दोष.

तेव्हा एका मताचे आपल्याला दोन भाग करावे लागतात. मत देताना जे कळणं शक्य नव्हतं, त्याचा दोष मतदाराकडे नाही. पण कळल्यानंतर आपण काय केलं, काय बोललो, काय बोलायचं टाळलं, हा हिशेब आपलाच. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: पस्तावायचं असेल तर मतपत्रिकेवरच्या शिक्क्याबद्दल कमी आणि त्या शिक्क्यानंतर डोळे मिटून घेतले त्याबद्दल जास्त पस्तावावं.

कुणी म्हणेल, दोषच नसेल तर पहिल्या भागाचं वाईट तरी का वाटावं? बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1976 मध्ये याचं उत्तर दिलं. एका ट्रकचालकाची काहीच चूक नाही; अचानक एक मूल चाकाखाली येतं. सगळे म्हणतात, ‘तुझा दोष नाही’. ते खरंही असतं. पण तो जर लगेच ‘हो ना, माझा दोष नाही’ म्हणून जेवायला बसला, तर आपल्याला तो माणूस चमत्कारिक वाटेल. बाजूला उभा राहून पाहणाऱ्याचं दुःख आणि ज्याच्या हातून घडलं त्याचं दुःख, यांत फरक आहे. मतदार बघ्या नाही. त्याचा हात चाकावर होता, भले इतर कोट्यवधी हातांबरोबर असेल. जत्रेतला रथ शंभर जण ओढतात; एकाने दोर सोडला तरी तो चालतोच. म्हणून काय कुणीच ओढला नाही असं म्हणायचं?

आता या उदाहरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग. 1971 चं मत पाच वर्षांसाठी होतं. निवडणूक 1976 च्या मार्चमध्ये यायला हवी होती. आणीबाणीत संसदेने लोकसभेची मुदत एकेक वर्षाने दोनदा वाढवली, आणि 42 व्या घटनादुरुस्तीने ती मुळातच सहा वर्षांची केली. याचा तत्त्वज्ञानाच्या भाषेत अर्थ काय? निवडणूक म्हणजे फक्त निवड नव्हे. दिलेलं मत परत तपासून पाहण्याची ठरलेली तारीख म्हणजे निवडणूक. ती तारीख पुढे ढकलणं म्हणजे मतदाराचा पस्तावण्याचा हक्कच पुढे ढकलणं. नेता चांगला की वाईट हे ओळखायला वेळ लागतो. पण आपल्याला मत बदलता येऊ नये अशी व्यवस्था कुणी करू लागलं, तर ते ओळखायला वेळ लागू नये.

अखेर मार्च 1977 मध्ये निवडणूक झाली. उत्तर प्रदेशात 85 पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, बिहारमध्ये 54 पैकी एकही नाही. आणि त्याच वेळी आंध्र प्रदेशात 42 पैकी 41 मिळाल्या! एकच देश, एकच आणीबाणी. याची कारणं अनेक आहेत, पण एक ठळक आहे. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि सक्तीचा मार सर्वांत जास्त उत्तरेत बसला. आपलं राज्यही यापासून लांब नव्हतं बरं का. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, इतकंच. म्हणजे पुष्कळांचा पश्चात्ताप स्वतःच्या अंगाला चटका बसल्यावर आला. त्यात कमीपणा काही नाही. पण शेजाऱ्याला बसलेला चटका आपल्याला कळतो का, ही नागरिकाची पुढची परीक्षा.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: ‘घरात मी हे कबूल केलं तर मुलं म्हणतात, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. मग गप्प बसावंसं वाटतं.’ फार महत्त्वाची चिठ्ठी आहे. मत गुप्त असतं. आपण कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कोर्टातसुद्धा करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 94 वं कलम तसं सांगतं. त्यामुळे ‘आम्ही कुठे दिलं होतं?’ म्हणणं अगदी सोपं. असं असताना कुणी आपणहून कबुली देत असेल, तर ते धाडस आहे. त्याला टोमणा मारणारा माणूस नकळत त्या नेत्याचंच काम करतो, कारण अपमानाच्या भीतीने माणसं जुन्या मताला आणखी घट्ट चिकटतात. मुलांना एवढंच सांगा: चुकलं म्हणणाऱ्याला पाट द्यावा, पायरी दाखवू नये.

स्पिनोझा पश्चात्तापाला सद्गुण मानत नाही. त्याच्या मते पस्तावणारा दुप्पट दुःखी होतो: आधी चुकून, मग कुढून. पण तोच पुढे कबूल करतो की माणसं क्वचितच विवेकाने चालतात, म्हणून पश्चात्तापाने नुकसानीपेक्षा फायदा जास्त होतो. आपण मधला रस्ता घेऊ. कुढणं नको, दुरुस्ती हवी.

ती कशी असते? जानेवारी 1980 मध्ये त्याच इंदिरा गांधी 353 जागा घेऊन परत आल्या. जनता पक्षाचं सरकार आपसातल्या भांडणांनी 1979 मध्येच कोसळलं होतं. मग 1977 चा पश्चात्ताप वाया गेला का? नाही. मधल्या काळात, 1978 मध्ये, 44 वी घटनादुरुस्ती झाली होती. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ असं घातलं गेलं. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला. आणि आणीबाणीतही जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काची दाद न्यायालयात मागता येईल, अशी तरतूद झाली. माणसं तीच परत आली, पण त्यांच्या हातात आता कोरा धनादेश नव्हता.

डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत हाच इशारा दिला होता: धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तेव्हा एका भक्तीतून उठून दुसऱ्या भक्तीत जाऊन बसणं हा पश्चात्ताप नव्हे. तो नुसता देव्हारा बदलणं झाला. पुढच्या वेळी मत जरूर द्या, मनापासून द्या, अगदी त्याच नेत्याला द्यावंसं वाटलं तरी विचार करून द्या. फक्त मत देताना स्वतःला एक विचारा: हा माणूस चुकला तर ते मला कळेल का, कळलं तर मला बोलता येईल का, आणि ठरलेल्या तारखेला मला माझं मत परत घेता येईल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर पुढे पस्तावण्याची वेळ आली तरी तो पस्तावा उपयोगी पडेल.

आज इथेच थांबू. उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी घेऊ.