अर्धसमास

‘आज नका येऊ, ऑडिट चालू आहे.’

दाखला असो, कर असो, नावातली दुरुस्ती असो, खिडकीपलीकडून हे वाक्य आलं की आपण मुकाट मागे फिरतो. घरात सुतक असलं की देवपूजा थांबते, तसं कचेरीत ऑडिट बसलं की कामं थांबतात. सुतक कुणाचं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. आमच्या सोसायटीत स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. संध्याकाळी खाली बाकावर बसलो असताना मी सहज म्हणालो, ‘तुम्ही लोक आलात की सगळं ठप्प होतं बघा.’ काका चिडले नाहीत. म्हणाले, ‘ऑडिट आमचं नसतं हो. त्यांचं असतं. आम्ही चार दिवस येतो आणि जातो.’

हे ‘त्यांचं’ म्हणजे नेमकं कुणाचं, ते बघायला मी गेलो.

मी राहतो ठाण्याच्या मानपाड्यात, घोडबंदर रस्त्यालगत. मानपाडे दोन आहेत. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शिळ रस्त्यावरचा. माझं एक पार्सल मागे दोन दिवस त्या मानपाड्यात मुक्काम करून आलं होतं. आमचा मानपाडा १९८२ साली ठाणे महापालिका झाली तेव्हापासून तिच्यात आहे. डोंबिवलीचा मानपाडा मात्र सतत आत-बाहेर होत राहिलेल्या २७ गावांच्या पट्ट्यातला. १९८३ मध्ये ही गावं कल्याण महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली, ग्रामपंचायती पुन्हा उभ्या राहिल्या आणि जून २०१५ मध्ये गावं परत महापालिकेत आली. गावं अशी आत-बाहेर होतात तेव्हा मोर्चे निघतात, बातम्या छापून येतात. सोबत दप्तरही हलतं, त्याची बातमी होत नाही. काकांच्या मते ऑडिटची खरी सुरुवात तिथे होते. दप्तर कुठेही हललं, माणूस बदलून गेला, की एक यादी करायची असते. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. ‘ती यादी न वाचता सही करणारा माणूस मी नोकरीभर पाहिला,’ काका म्हणाले. ‘दर गावात तोच.’

काकांच्या ओळखीने जिथे बसायची सोय झाली ती ग्रामपंचायत डोंबिवलीच्या मानपाड्याहून शिळफाट्याच्या अंगाने बरीच पुढे आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय.

दप्तराच्या खोलीत आधी येतो तो वास. दमट कागद, डांबराच्या गोळ्या आणि त्याच्याखाली कुठेतरी उंदीर. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे लोखंडी कपाटातून काढून जमिनीवर मांडले होते आणि त्यांच्या मधोमध ग्रामपंचायतीचे लिपिक उकिडवे बसले होते. गाव त्यांना नाना म्हणतं. बावीस वर्षं झाली नोकरीला. तोंडाला पंचा गुंडाळलेला, कारण धुळीने शिंका येतात. सकाळी सातला येऊन त्यांनी दोन वर्षांचे कागद लावून ठेवले होते. मी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि ग्रामपंचायतीतला दुसरा कोणताही जबाबदार माणूस अजून आलेला नव्हता.

लेखापरीक्षक मॅडम वेळेवर आल्या, डबा घेऊन. लेखापरीक्षकाचं जेवण हे आपल्याकडे स्वतंत्र लेखाशीर्षाच्या लायकीचं प्रकरण आहे. डब्यामुळे शिपाई जरा गोंधळला. कोंबडीचं सांगून ठेवलं होतं म्हणे.

सकाळभराचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं आहे: पावतीपुस्तकाची स्थळप्रत, रोकडवही आणि बँकेचं पासबुक, या तीन ठिकाणी एकच रक्कम सापडते का, आणि वसूल झालेला पैसा बँकेत जायला किती दिवस लागले. मॅडमची लाल पेन्सिल खाली सरकत होती, मधूनच अडत होती, पुन्हा सरकत होती. कंटाळवाणं काम आहे. मी दोनदा चहा प्यायलो.

मग पेन्सिल थांबली.

‘नाना, हातपंप दुरुस्ती, ४,८६० रुपये. प्रमाणक?’

नानांनी फाइल उलटली. पुढचं प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, होतं, मागचं होतं. मधलं नव्हतं. त्यांनी फाइल पुन्हा उलटली, या वेळी जरा घाईने. मॅडम म्हणाल्या, ‘बघा सावकाश,’ आणि पुढे गेल्या. पण जाता जाता मला एक गोष्ट सांगून गेल्या. पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, म्हणून पाच हजारांच्या जरासं आतलं बिल दिसलं की त्या दोनदा बघतात. ४,८६० हे तसं बिल होतं. मला तोवर ती रक्कम निरागस वाटत होती.

भाऊसाहेब साडेअकराला आले. सरकारने २०२४ मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी केला. गावाने काही केलेलं नाही, गावासाठी ते भाऊसाहेबच. यांच्याकडे दोन गावांचा कारभार. पंचायत समितीत बैठक होती म्हणाले. ४,८६० ऐकल्यावर त्यांनी रोकडवहीतली तारीख बघितली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. ‘माझ्या काळातलं नाही, मॅडम.’

ऑडिटच्या दिवसांत हे वाक्य मी पाच वेळा ऐकलं. दोनदा भाऊसाहेबांकडून, एकदा उपसरपंचांकडून, एकदा संगणकावरच्या मुलाकडून, एकदा चक्क शिपायाकडून. नाना ते कधीच म्हणाले नाहीत. बावीस वर्षं सगळंच त्यांच्या काळातलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘काळ तुमचा नसेल, दप्तर तुमचं आहे ना? चार्ज घेतलात त्या यादीवर सही कुणाची आहे?’ यादी निघाली. ‘प्रमाणके, फाइल १’ एवढीच नोंद होती. किती प्रमाणकं, कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत, काही नाही. खाली दोन ठळक सह्या.

मॅडमनी फुलस्केप कागद घेतला, उभा दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि पुन्हा उलगडला. कागदाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ पडली. एका अर्ध्यावर त्यांनी लिहिलं: अमुक दिनांकास हातपंप दुरुस्तीपोटी ४,८६० रुपये खर्ची टाकले, प्रमाणक लेखापरीक्षणास उपलब्ध झाले नाही, खुलासा व्हावा. दुसरा अर्धा कोरा सोडला. या कागदाला अर्धसमास पत्र म्हणतात. शब्द जुन्या कचेरीतला, पण सोय अशी की विसरायलाच नको. लेखापरीक्षकाचं काम घडीच्या रेघेपाशी संपतं. पलीकडची कोरी जागा कारभाऱ्यांची.

कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालातही हेच लांबलचक परिच्छेदात लिहिलेलं असतं: हिशेब तयार करणं, त्यात लबाडी शिरू नये अशी व्यवस्था ठेवणं, मागितलेला प्रत्येक कागद देणं हे व्यवस्थापनाचं काम, तपासून मत देणं एवढं लेखापरीक्षकाचं. व्यवस्थापनाकडून तसं सहीचं पत्रही घेतात. आपल्या ग्रामपंचायतींना, नगरपालिकांना लागू असलेला स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा तर १९३० चा. कागद मागवण्याचा आणि माणसाला समोर बोलावण्याचा अधिकार त्याने लेखापरीक्षकाला तेव्हापासून दिलाय. पण समोर येतो कोण? नाना येतात.

दुपारनंतर सरपंच आल्या. त्यांना बघून मला वाटलं, आता मागोमाग यजमान येतील आणि तेच बोलतील. तसं झालं नाही, माझा अंदाज चुकला. त्या खुर्ची ओढून मॅडमच्या समोर बसल्या. मॅडमनी विचारलं, ‘ऑनलाइन पैसे सोडायचं तुमचं डोंगल कुठे आहे?’ वित्त आयोगाचा निधी आता चेकने निघत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांची डिजिटल सही पडल्याशिवाय पैसा हलत नाही. डोंगल म्हणजे ती सही. सरपंचांनी संगणकावरच्या मुलाकडे बघितलं. त्याने ड्रॉवर उघडला. रबरबँडने एकत्र बांधलेली दोन डोंगलं निघाली, एकावर जखमेला लावतात ती पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहिलेलं: सरपंच.

खोलीत कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.

‘मीच सांगितलं ठेवायला,’ सरपंच म्हणाल्या. ‘लावणीच्या दिवसांत मला रोज यायला नाय जमत.’ मॅडमनी मान हलवली आणि दुसरा कागद दुमडला. सरपंचांनी रबरबँड सोडवला, आपलं डोंगल उचललं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं. तीन दिवसांत ‘मीच’ हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

मला नानांची दया येत होती हे कबूल करतो. लेखापरीक्षणावरही थोडा राग होता. ४,८६० रुपयांसाठी एक माणूस दिवसभर गठ्ठ्यांत डोकं खुपसून बसतो, आणि मोठ्या ठिकाणी काय होतं? मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचं कॅगने विशेष लेखापरीक्षण केलं, त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. कोविडकाळातला साडेतीन हजार कोटींहून जास्त खर्च त्यात तपासताच आला नाही. महापालिकेने साथरोगाच्या आणि आपत्तीच्या कायद्यांकडे बोट दाखवून कागद दिले नाहीत. तिथे पंचा गुंडाळून कुणी गठ्ठे उपसले असतील असं वाटत नाही.

शहरात आणखी एक गंमत आहे. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आयुक्तांच्या हाताखालचा नसतो. त्याचा अहवाल स्थायी समितीपुढे जातो, म्हणजे खर्च करणारा एक आणि जाब विचारणारा दुसरा. पण कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं आयुक्तच प्रशासक होते आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. आक्षेप ज्याच्यावर, अहवाल त्याच्याचपुढे. अर्धसमास पत्राची घडी घालायची तरी कुठे?

याच्या उलटही घडलेलं आहे. जळगावच्या घरकुल गैरव्यवहार प्रकरणात फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली ती त्या वेळचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी, आपल्याच महापालिकेचं दप्तर बघून. ‘माझ्या काळातलं नाही’ हे वाक्य त्यांना कुणाहीपेक्षा जास्त शोभलं असतं. व्यवहार त्यांच्या आधीचे होते. खालच्या न्यायालयाचा निकाल यायला ऑगस्ट २०१९ उजाडलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास नाना आतून ओरडले. प्रमाणक सापडलं होतं. ग्रामनिधीच्या फाइलमध्ये असायला हवं ते पाणीपुरवठा निधीच्या गठ्ठ्यात गेलं होतं. हातपंप म्हणजे पाणी, लावणाऱ्याने सरळ विचार केला होता. नानांच्या कपाळावर धुळीचा आणि घामाचा पट्टा उठला होता. मला टाळी वाजवावीशी वाटली.

मॅडमनी तो चतकोर कागद उजेडात धरला. फिटरचं बिल होतं, सुटे भाग आणि मजुरी. पैसे मिळाल्याची फिटरची सही नव्हती. काम झालं असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मासिक सभेच्या ठरावाचा क्रमांक नव्हता. ‘अदा करा’ म्हणून तेव्हाच्या दोघांनी सह्या मात्र केल्या होत्या. म्हणजे कागद सापडला आणि आक्षेप आणखी वाढला. हातपंप खरंच दुरुस्त झाला होता का? नाना म्हणाले झाला होता, त्यांनी स्वतः पाणी प्यायलंय. मॅडम म्हणाल्या, ‘माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण ते मला लिहिता येत नाही.’ माझा नानांकडे झुकलेला काटा तिथे थोडा सरकला. कारण नाना निवृत्त झाल्यावर पाणी प्यायल्याचा साक्षीदारही निवृत्त होणार.

आता कोऱ्या अर्ध्यावर लिहायचं होतं. भाऊसाहेबांनी पेन नानांकडे सरकवलं आणि सांगायला सुरुवात केली. या उत्तरांचे ठरलेले साचे आहेत. ‘नोंद घेण्यात आली.’ ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ ‘पूर्तता करून पुढील लेखापरीक्षणात दाखविण्यात येईल.’ तिसरा साचा सगळ्यांत लोकप्रिय, कारण पुढील लेखापरीक्षणाला खुर्चीत दुसरा कुणी असतो, आणि तो काय म्हणणार हे आता मला पाठ आहे. अशाने आक्षेप सुटत नाहीत, वयाने वाढतात. त्या दप्तरात एक जुना अहवाल मी चाळला, त्यात आधीच्या अहवालांतले आक्षेप तसेच उतरवून घेतलेले होते.

भाऊसाहेब तिसरा साचा सांगत असताना सरपंच म्हणाल्या, ‘फिटर बाजूच्याच गावचा आहे ना? उद्या त्याला बोलवा, सही घ्या. पुढल्या ऑडिटला कशाला?’ भाऊसाहेब थांबले. नानांचं पेन ‘पूर्तता करून’वर थांबलं. मॅडम बॅग भरत होत्या. मला शेवटची बस गाठायची होती, मी निघालो. त्या कागदावर अखेर काय लिहिलं गेलं ते मी बघितलेलं नाही.

बघता येतं, मात्र. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागचं हिशेबपत्रक ठेवावं लागतं, आणि त्याबरोबर शेवटची लेखापरीक्षण टिपणी व तिला दिलेली उत्तरंही. आमच्या दोन्ही मानपाड्यांना आता ग्रामसभा नाही. तुमच्या गावाला असेल तर जा, तो कागद मागा आणि आक्षेपाआधी उत्तराची बाजू वाचा.