लिहायला अवघड प्रसंग आणि अजिंठ्याच्या भिंती

कथा-कादंबरी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येकाचे काही लाडके प्रसंग असतात आणि काही नकोसे. बाजार, लग्नघर, भांडण, लबाड सावकार हे लिहिताना हात थांबत नाही. मृत्यू, ताटातूट, एखाद्याला वाईट बातमी सांगण्याचा क्षण आला की तोच लेखक चहा करायला उठतो. ही अडचण आजची नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्ट सांगणाऱ्यांनी तिच्यावर काय तोडगे काढले, ते सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळच्या वाघूर नदीच्या दरीत आजही भिंतींवर दिसतं. अजिंठ्याची चित्रं आपण चित्रं म्हणून पाहतो. ती गोष्टी म्हणून वाचायला लागलं की थक्क व्हायला होतं.

आधी लाडके प्रसंग. दहाव्या लेण्यात षड्‌दंत जातकाची गोष्ट आहे. हे लेणं इसवी सनापूर्वीचं, सर्वांत जुन्यांपैकी. सहा सुळ्यांच्या हत्तीची एक पत्नी मत्सराने झुरून मरते, पुढच्या जन्मी राणी होते आणि शिकाऱ्याला त्याचे सुळे आणायला पाठवते. गोष्ट सुडाची, पण चित्रकार रमला आहे तो जंगलात. वडाची झाडं, कमळांचं तळं, पाण्यात डुंबणारे हत्ती हे सारं त्याने हात सैल सोडून काढलं आहे. पुढे सुमारे पाचशे वर्षांनी सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाची गोष्ट रंगवली गेली. फुटलेलं जहाज, रूपवान स्त्रिया होऊन आलेल्या राक्षसिणी, हत्ती-घोड्यांची लढाई. भिंतीचा केवढा तरी भाग या एका गोष्टीने व्यापला आहे. इथे सांगणाऱ्याला आवरतं घ्यावंसं वाटलेलं नाही.

खलनायक रंगवण्याची मजाही तेव्हा होतीच. याच लेण्यातल्या विश्वंतर जातकात, राजपुत्राकडे त्याची मुलंच दान मागणारा जूजक ब्राह्मण आहे. त्याची दाढी, त्याचे दात, पैसे पाहून उजळलेला चेहरा चित्रकाराने इतक्या चवीने काढला आहे की हा माणूस त्याला रोज कुठेतरी भेटत असावा.

आता अवघड प्रसंग. विश्वंतर पोटची मुलं देऊन टाकतो तेव्हा आई माद्री घरी नसते. ती रानात कंदमुळं आणायला गेलेली असते. दान करण्यापेक्षा ते आईला सांगणं कठीण, हे पाली जातककथा रचणाऱ्याला नेमकं माहीत होतं. माद्री परतते, मुलं कुठे आहेत म्हणून विचारते आणि विश्वंतर गप्प राहतो. ती रात्रभर मुलांना शोधत फिरते. वाचकाला सगळं ठाऊक आणि आईला काहीच नाही, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे.

सोळाव्या लेण्यातलं चित्र याच्याही पुढचं. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं पाचव्या शतकात कोरवून घेतलं. बुद्धाचा धाकटा भाऊ नंद संसार सोडून भिक्षू होतो, ही गोष्ट. नंदाचा मुकुट घेऊन सेवक घरी येतो. मुकुट आला, माणूस आला नाही. त्याची पत्नी सुंदरी आसनावरच कोसळते. मान कललेली, बोटं सैल पडलेली, दासी तिला सावरते आहे. हिलाच लोक ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ओळखतात. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. फ्लॉरेन्सचा चित्रकार याहून सरस रेखाटन करील, व्हेनिसचा याहून सरस रंग देईल, पण याहून जास्त भाव दोघांनाही ओतता येणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता.

इथली युक्ती पाहा. घाव कुणावर बसतो, तिकडे चित्रकाराने आपली नजर वळवली. षड्‌दंताच्या गोष्टीचा कळसही असाच आहे: सुळे दरबारात आणले जातात आणि ज्या राणीने ते मागवले तीच मूर्च्छित पडते.

हे शहाणपण पुष्कळ ठिकाणी सापडतं. युद्ध, मृत्यू, राज्यनाश हे अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवावेत, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. ग्रीक शोकांतिकेतही मृत्यू सहसा पडद्याआड होतो आणि निरोप्या येऊन सांगतो. टिमँथीस या ग्रीक चित्रकाराने मुलीचा बळी जाताना पाहणाऱ्या बापाचा चेहराच वस्त्राने झाकला होता, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. बाकी सगळ्यांचं दुःख रंगवून झाल्यावर बापासाठी काही उरलंच नव्हतं.

काही लेखक मात्र आडवाट घेत नाहीत आणि किंमत मोजतात. एमा बोव्हारीच्या विषप्राशनाचा प्रसंग लिहिताना आपल्या तोंडाला आर्सेनिकची चव आली आणि पोट बिघडलं, असं फ्लोबेरने पत्रात कळवलं होतं.

सव्विसाव्या लेण्यात मृत्यूचाच प्रसंग थेट दगडात आहे. सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध महापरिनिर्वाणाच्या अवस्थेत पहुडला आहे. चेहरा शांत. सगळा शोक खाली बसलेल्या शिष्यांच्या वाट्याला दिला आहे. एवढी भव्य मूर्ती आणि एवढी छोटी रडणारी माणसं, पण आपलं मन जाऊन बसतं ते त्या माणसांत.

या दरीतली एक गोष्ट भिंतींबाहेरचीही आहे. रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याला १८४४ मध्ये या चित्रांच्या प्रतिकृती करायचं काम मिळालं. त्याने त्यासाठी वर्षानुवर्षं घालवली आणि त्यातल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची इथली प्रेयसी पारो हिच्या मृत्यूबद्दल अजिंठा गावातल्या तिच्या थडग्यावर मात्र नाव आणि तारखेपलीकडे फारसं काही नाही: २३ मे १८५६. दुसऱ्यांचं दुःख रंगवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुःखाची नोंद एवढीच. उरलेली जागा याच सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहून भरली.

लिहिणाऱ्यांनी या भिंतींकडून घेण्यासारखं आणखी एक आहे. इथे प्रसंग नेहमी काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. बरेचदा ते जागेप्रमाणे लावले आहेत: राजवाड्यात घडलेलं एकीकडे, अरण्यात घडलेलं दुसरीकडे. आवडता प्रसंग आधी लिहून नकोसा मागे ठेवणाऱ्या लेखकाने त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नये. मात्र ठेवलेला प्रसंग कधीतरी लिहावाच लागतो. तेव्हा घटनेचं वर्णन कमी करावं आणि बातमी ज्याच्या दारात येते त्याच्याकडे पाहावं.

सोळावं आणि सतरावं लेणं शेजारीशेजारी आहेत. तिथे गेलात तर पाटी वाचून पुढे सरकू नका, एकच गोष्ट निवडून तिच्यासमोर अर्धा तास थांबा. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.